हातभर नव्हे, वीतभर

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

मी खानापूर तालुक्यातला. वय २९. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर कामाला आहे, नोकरी पाळीची. वयाच्या सातव्या वर्षापासून अठरा वर्षांचा होईपर्यंत गावच्या तालमीत होतो आणि जत्रेच्या मैदानात काही कुस्त्याही केल्या. गेले आठ महिने बेळगावात दर रविवारी कापोएरा ही ब्राझीलची युद्धकला शिकायला जातो. गोव्याहून एक शिक्षक महिन्यातून दोनदा येतात, बाकीचे रविवार आम्ही आपापसात सराव करतो. जिंगा (तालावर डोलत टाकायची मूळ पावले), आऊ (हातांवरून बाजूला घ्यायची कोलांटी) आणि साध्या लाथा जमल्या. हातावरून मागे उलटायचा मकाकू मात्र चार महिने झाले तरी जमत नाही. उकिडवा बसून एक हात मागे टेकला की पुढे अंगच हलत नाही. गेल्या महिन्यात मन घट्ट करून स्वतःला मागे झोकून दिले, तर मध्येच डोके टेकले आणि खांद्यावर कलंडलो. तेव्हापासून सकाळी मनगट दुखते. वर्गातली चौदा-पंधरा वर्षांची पोरे हसत हसत मकाकू घालतात. माझे वय उलटून गेले का? घराच्या गच्चीवर किंवा तालमीच्या हौद्यात एकट्याने सराव केला तर चालेल का? आणि आमचे जुने वस्ताद भेटले की म्हणतात, "कुस्ती सोडून हे माकडचाळे कशाला करालास रे?" त्यांना काय सांगावे, तेही कळत नाही.

आपला,
एक माजी पैलवान

स. न. वि. वि.

उत्तराची सुरुवात मनगटापासून करते, कारण मकाकू आणखी सहा महिने थांबू शकेल, मनगट थांबेलच असे नाही. पडून महिना उलटल्यावरही सकाळी दुखत असेल, तर ते दुखणे अंगवळणी पडेल म्हणून सोडून देण्यासारखे नाही. अंगठा ताठ करून बाहेर ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला एक लहानसा खळगा दिसतो. त्या खळग्यात दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून पाहा आणि नेमके तेथेच दुखत असेल तर लवकरात लवकर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. त्या जागी होडीच्या आकाराचे एक चिमुकले हाड असते. हात टेकून पडल्यावर त्याला चीर जाऊ शकते आणि त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्यामुळे दुर्लक्ष झाले तर ते जुळून यायला फार त्रास देते. पहिल्या एक्स-रेमध्ये ही चीर पुष्कळदा दिसतही नाही, म्हणून पडल्याची हकिगत डॉक्टरांना नीट सांगा, आणि "काही नाही" असे ऐकून परत आल्यावरही दुखणे राहिले तर पुन्हा दाखवा. खळग्यात दुखत नसले तरी महिनाभराच्या दुखण्यासाठी एकदा दाखवून घेणेच बरे. मान वळवताना कळ येते का, हाताच्या बोटांना मुंग्या येतात का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या, कारण तुमचे डोके टेकले होते. डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत या पत्रातला पुढचा मजकूर वाचायला हरकत नाही, पण करून पाहू नका.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. कापोएरा ही ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांनी घडवलेली युद्धकला आहे. माणसांनी धरलेल्या रिंगणात, बेरिंबाव नावाच्या धनुष्यासारख्या एकतारी वाद्याच्या तालावर, दोघे जण एकमेकांशी खेळतात. लाथ येते, दुसरा ती अडवत बसत नाही, तिच्याखालून निसटतो आणि त्याच ओघात उलट उत्तर देतो. या रिंगणाला रोदा म्हणतात, परंतु ब्राझीलची माणसे शब्दाच्या आरंभीचा 'र' जवळजवळ 'ह'सारखा उच्चारतात, त्यामुळे कानाला तो शब्द 'होदा' असा ऐकू येतो. म्हणजे पत्रलेखक गावच्या हौद्यातून निघाले आणि होदात पोचले, असे म्हणायला हरकत नाही. मकाकू म्हणजे पोर्तुगीज भाषेत माकड. आपला 'माकड' आणि त्यांचा 'मकाकू' यांचे नाते केवळ ध्वनीचे आहे, रक्ताचे नाही. पण हा प्रकार चुकला की पहिला मार माकडहाडाला बसतो, हे लक्षात ठेवण्यासाठी तेवढा योगायोग पुरेसा आहे.

मकाकू घालताना उकिडवे बसायचे, एक हात पाठीमागे जमिनीवर टेकायचा, दुसरा हात पुढून डोक्यावरून मागे नेत त्याच वेळी पायांनी जमीन रेटून कंबर वर उचलायची. तो दुसरा हात पलीकडे टेकला की पाय डोक्यावरून जाऊन मागच्या बाजूला उतरतात. जिम्नॅस्टिकमधल्या मुली उभ्याने मागे हातांवर जी उडी घेतात, तिच्यासारखे हे लांबून दिसते, आणि तुमचा निम्मा घोटाळा या दिसण्यातूनच झालेला आहे. त्या उडीत एक क्षण असा येतो की हातही जमिनीवर नसतात आणि पायही नसतात. मकाकूत तसा क्षण नाही. पाय सुटतात तेव्हा पहिला हात टेकलेला असतो, तो भार पेलत असतानाच दुसरा येऊन मिळतो. हा एका हातावरून पलीकडे ओलांडण्याचा प्रकार आहे. "मन घट्ट करून स्वतःला मागे झोकून दिले" असे तुम्ही लिहिले आहे. ते झोकून देणे हीच मूळ चूक होती आणि मन घट्ट केल्याने ती अधिक जोराने घडली.

आता तुमचे अंग का हलत नाही, याविषयी. तुम्ही त्याचे खापर वयावर आणि भीतीवर फोडले आहे, मला मात्र त्यात तालीम दिसते. सातव्या वर्षापासून अठरा वर्षांपर्यंत, म्हणजे शरीर घडण्याच्या नेमक्या काळात, तुम्हाला एकच गोष्ट रोज शिकवली गेली की पाठ जमिनीकडे जाऊ द्यायची नाही. दोन्ही खांदे मातीला लागले की चीतपट, मग आधी केलेल्या सगळ्या पकडी आणि डाव फुकट. ही शिकवण डोक्यात राहत नाही, कण्यात जाऊन बसते. दहा वर्षांनीही पैलवानाला मागून कोणी ओढले तर त्याची हनुवटी छातीकडे जाते, खांदे पुढे मिटतात आणि कंबर खाली बसते, आणि हे विचार करण्याच्या आत होते. मकाकू तुमच्याकडे याच्या बरोबर उलट मागणी करतो. हनुवटी वर, छाती आभाळाकडे उघडी, कंबर खांद्यांच्याही वर. तुमचे शरीर थबकते ते भित्रे आहे म्हणून नव्हे, शिकवलेले इमानाने पाळते म्हणून. वर्गातल्या पोरांच्या अंगात हा धडा कधी शिरलाच नाही, त्यामुळे ती हसत हसत घालतात; त्यात त्यांच्या कोवळ्या वयाचा वाटा आहे, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही.

तालमीने तुमच्यात आणखी एक सवय घातली आहे आणि ती अधिक धोक्याची आहे. चीत होण्याच्या बेतात आलेला पैलवान डोके मातीत रोवून मानेचा पूल करतो आणि खांदे वाचवतो. तुम्ही मध्येच अडकलात तेव्हा शरीराने तोच पूल शोधला, म्हणून डोके टेकले. कुस्तीत तो पूल दोन पाय आणि डोके अशा तिन्ही ठिकाणी भार वाटून केलेला असतो, आणि मान त्यासाठी रोज तयार केलेली असते. मकाकूच्या मध्यावर पाय हवेत असताना डोके टेकले तर सगळे वजन एकट्या मानेवर येते. दहा वर्षे पूल न केलेल्या मानेवर ते पुन्हा येता कामा नये. या कारणासाठी पुढच्या सहा आठवड्यांत पुरा मकाकू घालण्याचा एकही प्रयत्न तुम्ही करू नये, असे मी आग्रहाने सांगते.

वयाचा प्रश्न लवकर संपवते. २९ हे या गोष्टीसाठी मुळीच जास्त वय नाही. फरक इतकाच आहे की या वयात स्नायू महिन्याभरात तयार झाल्यासारखे वाटतात, पण मनगटाचे आणि खांद्याचे बंध त्यांच्यामागून फार सावकाश येतात. आपल्याला ताकद आली असे वाटते तेव्हा सांधा अजून तयार झालेला नसतो. मी शाळेत मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवीत असे. कापोएरा मी चाळिशी उलटल्यावर, मुलाकडे पुण्याला राहायला गेले तेव्हा सुरू केला आणि मकाकू मला चौदा महिन्यांनी आला. मल्लखांबामुळे उलटे होण्याचे मला काही वाटत नव्हते, माझी अडचण वेगळी होती. नेमक्या क्षणी माझे डोळे मिटत. दुसरा हात कोठे पडणार हे दिसत नसल्यामुळे तो उशिरा पडे आणि मी बाजूला कलंडे. शेवटी आमच्या शिक्षिकेने माझी चप्पल उचलून, दुसरा हात जेथे यायला हवा तेथे ठेवली आणि म्हणाली, "आजी, फक्त चप्पल घ्यायची." चप्पल शोधण्याच्या नादात डोळे उघडे राहिले. इतका क्षुल्लक उपाय वर्षभर कोणाला सुचला नाही, याचा मला अजूनही राग येतो. आजी म्हटल्याचा तर येतोच.

आता हात. पाहिल्याशिवाय सांगणे अवघड असते, पण तुम्ही हात मागे टेकल्यावर अडकता, यावरून मी एक पैज लावायला तयार आहे की तुमचा हात फार लांब पडतो. मागे जायचे आहे, म्हणून हातही मागे लांब न्यावा असे प्रत्येक नवख्याला वाटते. हात हातभर लांब पडला की वजन पायांवरच राहते, हात नुसता टेकूसारखा तिरपा उभा राहतो, आणि त्या तिरप्या टेकूवर अंग टाकायला शरीर नकार देते. तो नकार योग्य आहे. हात कुल्ल्यापासून वीतभर अंतरावर, त्याच बाजूच्या कुल्ल्याच्या मागे टेका. तळवा पूर्ण पसरलेला, बोटे टाचांकडे वळलेली नकोत, ती मागे किंवा किंचित बाहेर रोखलेली असावीत आणि बोटांच्या टोकांनी जमीन धरून ठेवलेली असावी. कोपर सरळ. मग पाय न हलवता कुल्ले थोडे मागे, त्या हाताच्या दिशेने झुकवा आणि तळव्यात वजन उतरते का पाहा. तुमच्या मोबाइलवर बाजूने चित्रण करून ते अंतर स्वतःच्या डोळ्यांनी मोजा, कारण आपल्याला जी वीत वाटते ती पडद्यावर नेहमी हात निघते.

या बैठकीतून पहिला महिना एकच काम करायचे. मागे टेकलेल्या हातावर आणि दोन्ही पायांवर भार ठेवून कंबर आभाळाकडे उचलायची, मोकळा हात कानाजवळून मागे न्यायचा आणि नजर त्या हाताबरोबर जाऊ द्यायची, जोपर्यंत मागची जमीन दिसत नाही तोपर्यंत. पाय उचलायचे नाहीत. दिसली की परत उकिडवे. तीन पायांचे हे चक्रासन आठवड्यातून तीन-चार दिवस, प्रत्येक बाजूला आठ-दहा वेळा करा. पहिल्या दिवशी तुम्हाला जमीन दिसणार नाही, भिंतीचा वरचा भाग दिसेल, कारण तुमचे खांदे उघडत नाहीत. अकरा वर्षांच्या जोरांनी आणि पकडींनी तुमचे खांदे आणि छाती पुढच्या बाजूला भरली आहे. हात कानामागे नेताना ती आडवी येते आणि मग सगळा वाक कमरेतून काढला जातो, ज्याने कंबर धरते. यासाठी साधे चक्रासन करताना पाय दाराच्या उंबऱ्यावर किंवा पायरीवर ठेवा. पाय उंच असले की ताण कमरेतून निघून खांद्यांकडे जातो. सकाळी चौकटीला दोन्ही हातांनी धरून छाती पुढे सोडणे आणि तालमीतल्या दोराला किंवा एखाद्या आडव्या बाराला नुसते लोंबकळणे, हेही रोज पाच मिनिटे व्हावे.

मनगटाची तयारी याच काळात सुरू करायची, आणि तीही डॉक्टरांच्या परवानगीनंतर. गुडघ्यांवर आणि तळव्यांवर ओणवे व्हा, बोटे पुढे करून हळूहळू वजन पुढे-मागे डोलवा. मग बोटे गुडघ्यांकडे वळवून तेच. शेवटी तळवा जमिनीवर ठेवून बोटांच्या मुळांशी दाब देत तळव्याची टाच उचला आणि सावकाश खाली सोडा. दिवसभर मशीनवर हात चालवून तुम्ही येता, म्हणून रात्रपाळीच्या दुसऱ्या सकाळी हा सगळा उद्योग करूच नका, झोपा.

मागची जमीन सहज दिसू लागली की वळण शिका. त्याच बैठकीतून कंबर उचलून, मोकळा हात मागे नेऊन तो पहिल्या हाताच्या पलीकडे खरोखर टेकवायचा आणि पाय जमिनीलगतच घसटत फिरवून ओणवे व्हायचे. पाय गुडघ्याच्याही वर जाणार नाहीत इतके खालून. हे काही दिमाखदार दिसत नाही, पण मकाकूचा सगळा मार्ग याच्यात आहे, फक्त उंची नाही. पुढे दर आठवड्याला पाय थोडे वर जातील आणि एक दिवस ते डोक्यावरून जाऊन पलीकडे उतरतील. माझ्या पाहण्यात, ज्यांनी उंची अशी खालून वर वाढवली त्यांचा मकाकू टिकला. ज्यांनी पहिल्या दिवसापासून वरून झेप घेतली त्यांचा जमला तरी दोन वर्षे वाकडा राहिला, कारण ते अर्ध्यात बाजूला पळतात. तुम्ही कुस्तीतला ढाक हा डाव शिकला असाल. अर्धवट वळून मारलेल्या ढाकेत मारणाराच खाली सापडतो, तसेच अर्ध्यात सोडलेला मकाकू सगळ्यांत वाईट पडतो. मार्गावर निघाल्यावर विचार बदलला तर थांबण्याची एकच सुरक्षित रीत आहे. टेकलेल्या हाताचे कोपर वाकवायचे नाही, हनुवटी छातीला आणि त्याच हाताच्या बाजूला वळून गुडघ्यांवर उतरायचे. ही रीत मकाकूआधी शिकून घ्या, दहा वेळा मुद्दाम अर्ध्यात सोडून.

आता जागेविषयी. गच्ची नको. सिमेंटची गच्ची जूनपासून गणपती होईपर्यंत आपल्याकडे शेवाळलेलीच असते आणि खानापूरकडे तर पाऊस त्याहून अधिक लांबतो. हिवाळ्यातही गच्चीवर पडल्याचा मार तसाच बसतो, शिवाय कठडा असतो. हौद्याविषयी मात्र मला जरा विचार करावा लागला. तांबडी माती पडायला मऊ, त्यामुळे ती सुरक्षित वाटते, पण नुकत्याच खणलेल्या मातीत तळवा दर वेळी वेगळ्या कोनात रुतेल आणि दुखऱ्या मनगटाला ते चालणार नाही. हौदा नंतर, पाय वर जायला लागल्यावर चांगला. पहिले दोन महिने सारवलेले आणि पूर्ण वाळलेले अंगण किंवा उन्हाळी मैदानावरची दाट हिरवळ मला अधिक पसंत आहे. मॅट नसेल तर पोत्यात भाताचे पिंजर दाबून भरा, तोंड शिवा आणि अशी दोन पोती हात टेकण्याच्या जागेच्या पलीकडे आडवी टाका. हातांखाली पोते नको, पडण्याच्या जागी हवे. घोंगडे किंवा जाजम तर अजिबात नको, ते सरकते. हौद्यात कधी उतरायचे झाले तर वस्तादांना विचारून उतरा. तेल, हळद आणि ताक घालून राखलेली ती माती कोणाच्या तरी मेहनतीची आहे आणि कोपऱ्यात मारुती आहे.

एकट्याने करायचे का, असे तुम्ही विचारले. खांदे, मनगटे आणि पाय न उचलता कंबर उचलणे हे एकट्याने खुशाल करा. ज्या दिवशी पाय डोक्यावरून जाणार असतील त्या दिवशी कोणीतरी शेजारी हवे. त्याने मागे उभे राहू नये, बाजूला गुडघ्यावर बसावे, एक तळवा तुमच्या कमरेच्या खोलगट भागाला आणि दुसरा मांडीखाली, आणि स्वतःचे तोंड तुमच्या भिरभिरणाऱ्या हातापासून दूर ठेवावे. त्याने उचलायचे नसते, फक्त कंबर खाली बसू द्यायची नसते. वर्गातल्या कानडी मुलांपैकी कोणी मदतीला असेल तर त्यालाही हे 'मंगा'चे (कानडीत मंग म्हणजे माकड) काम फार आवडेल.

जोडीदाराचा मुद्दा नुसत्या सुरक्षिततेपुरता नाही. विसाव्या शतकात साल्वादोर शहरात कापोएराला शाळेचे रूप देणारे मेस्त्रे (म्हणजे गुरू) बिंबा नव्या शिष्याचे दोन्ही हात स्वतःच्या हातांत धरून त्याला जिंगा शिकवीत आणि पुढचे सगळे ठरावीक जोडीच्या क्रमांतून बसवून घेत. जाता जाता सांगते, आपला 'मेस्त्री' हा शब्द गोव्याच्या वाटेने पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरूनच आला आहे आणि ब्राझीलमध्ये तो शब्द जवळजवळ मेस्त्री असाच उच्चारतात. तेव्हा तुमच्या शिक्षकांच्या गुरूंना तुम्ही मेस्त्री म्हणालात तर अपमान होणार नाही. मुद्दा असा की मकाकू ही मोकळ्या जागेत दाखवायची कसरत म्हणून जन्मलेली नाही. समोरच्याची लाथ डोक्यावरून गेली, तुम्ही खाली बसलात आणि आता अंतर वाढवायचे आहे, तेव्हा ती बैठक आधीच तयार असते आणि हात आपोआप कुल्ल्यामागे पडतो. पुष्कळांना जागच्या जागी बसून न जमणारा मकाकू जिंगातून खाली बसल्यावर जमतो, कारण पायांत आधीच लय असते. तुम्हीही कंबर उचलण्याचा सराव थंड बैठकीतून न करता, तीनदा जिंगा, मग खाली बसणे, मग हात, अशा ओघात करून पाहा. आणि जमल्यावर रोदात तो अगदी जवळून घालू नका. मध्यावर पोट उघडे असते, तेथे समोरचा डोक्याने हलकेच ढकलतो आणि सगळे रिंगण हसते. कापोएरात ते हसणे हक्काचे मानले जाते.

राहिले वस्ताद. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना एक आठवण करून द्या. आपल्या मल्लखांबाचे जनक बाळंभटदादा देवधर यांच्याविषयीची आख्यायिका त्यांना ठाऊक असेलच की मारुतीने माकडाच्या रूपात येऊन त्यांना खांबावरच्या उड्या दाखवल्या. पेशव्यांच्या पदरी असलेल्या माणसाने माकडाकडून विद्या घेतली आणि तिला आपण दोनशे वर्षे मान देत आलो आहोत. वस्तादांच्या तोंडच्या 'माकडचाळे' या शब्दाला त्यांच्याच तालमीतल्या कोनाड्यातून उत्तर मिळते, ते तुम्ही द्यायला नको. कापोएरालाही असेच नावे ठेवून झालेले आहे. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ मध्ये संपली आणि दोनच वर्षांनी, १८९० च्या दंडसंहितेत, रस्त्यावर कापोएरा खेळणे हा गुन्हा ठरला. पकडलेल्यांना कैद होई. बिंबांच्या शाळेला सरकारदरबारी मान्यता मिळाली ती १९३७ मध्ये, आणि २०१४ मध्ये युनेस्कोने कापोएराच्या रोदाचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. तरी हा सगळा इतिहास वस्तादांना ऐकवू नका, त्यांचा प्रश्न इतिहासाचा नाही. ज्या पोराला अकरा वर्षे घडवले तो हौदा सोडून गेला, याची ती बोच आहे. पुढच्या जत्रेच्या मैदानाला त्यांच्याबरोबर जा आणि शक्य असेल तर आठवड्यातून एक सकाळ तालमीत लहान मुलांकडून बैठका काढून घ्या. तेथे दोर आहे, बाराला लोंबकळायला जागा आहे, म्हणजे तुमच्या खांद्यांचेही काम होईल. पूल करण्याचा मोह मात्र तेथेही टाळा. मुलांना दाखवायचा असेल तर वस्तादांनाच दाखवू द्या.

गोव्याचे शिक्षक पुढच्या फेरीत येतील (चोर्ला घाट साथ देईल तर) तेव्हा त्यांना मकाकू घालून दाखवू नका, "कधी जमेल" असेही विचारू नका. उकिडवे बसा, हात वीतभर मागे टेका, कंबर उचलून मागे पाहा आणि त्यांना इतकेच विचारा की तुमचे कोपर सरळ राहते का आणि दुसरा हात जेथे पडायचा ती जागा तुमच्या नजरेच्या रेषेत येते का. त्या जागी त्यांना खडूने एक ठिपका काढायला सांगा आणि त्याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे घरच्या अंगणातही तो नेमका काढता येईल.